नाशिकमध्ये जॅझ ऐकायला आणि जॅममध्ये वाजवायला जाताना : नवख्यांसाठी मार्गदर्शन

नाशिकमध्ये जॅझ शोधावा लागतो. तो कधी गंगापूर रस्त्यावरच्या एखाद्या कॅफेत शनिवारी संध्याकाळी चार वादकांच्या रूपाने भेटतो, कधी गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यांमधील वायनरीच्या हिरवळीवर, तर कधी गिटार शिकवणाऱ्या एखाद्या सरांच्या वर्गात, शिकवण्या संपल्यावर, खुर्च्या भिंतीला लावून केलेल्या जागेत. मी अशा ठिकाणी आधी श्रोता म्हणून आणि पुढे पेटी बाजूला ठेवून कीबोर्डवर बसणारा वादक म्हणून जात आलो आहे. दाराशी घुटमळणारी एकदोन नवी माणसे दर वेळी दिसतात आणि त्यांच्या मनात दोन प्रश्न असतात: यातले मला काही कळेल का, आणि मला यात वाजवू देतील का. माझ्या अनुभवाप्रमाणे दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीत आहे. चालू रचनेचे आवर्तन कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे मनातल्या मनात मोजता आले पाहिजे. मैफली ऐकत वाढलेल्या माणसाला मोजण्याची सवय आधीच असते. फक्त काय मोजायचे, हे नव्याने समजून घ्यावे लागते.

कार्यक्रम शोधणे आणि नीट चौकशी करणे

जाहिरातीत ‘लाइव्ह म्युझिक’ एवढेच लिहिलेले असेल, तर तेथे जॅझ असेलच असे नाही. म्हणून शोधाची सुरुवात माणसांपासून करावी. वाद्यांच्या दुकानात तारा किंवा रीड घ्यायला गेल्यावर दुकानदाराला विचारावे. ड्रम, सॅक्सोफोन आणि पियानो शिकवणाऱ्या शिक्षकांना विचारावे. शहरात बास गिटार आणि ड्रम गांभीर्याने वाजवणारी माणसे मोजकी असतात आणि ती एकमेकांना ओळखतात. त्यांच्यापैकी एकाची ओळख झाली की पुढच्या कार्यक्रमाची बातमी आपोआप येऊ लागते. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन आहे. युनेस्कोने तो २०११ मध्ये जाहीर केला आणि २०१२ पासून तो साजरा होतो. त्या आठवड्यात थोडी अधिक चौकशी करणे फायद्याचे ठरते.

जाण्यापूर्वी कार्यक्रमाचा प्रकार समजून घ्यावा. मैफलीत किंवा कॉन्सर्टमध्ये ठरलेला संच वाजवतो आणि आपण ऐकतो. ओपन माइकमध्ये प्रत्येकाला ठरावीक मिनिटे मिळतात, त्यात कविता, विनोद आणि गाणी एकापाठोपाठ येतात, आणि तेथे अनोळखी वादकांनी एकत्र वाजवणे अपेक्षित नसते. जॅममध्ये मात्र तेच अपेक्षित असते: तीन-चार जणांचा यजमान संच आधी काही रचना वाजवतो आणि नंतर नाव नोंदवलेल्या वादकांना एकेक करून सामील करून घेतो. फोन करून विचारावे की कार्यक्रम यांपैकी कोणता आहे, प्रवेशशुल्क किती आहे, लहान मुलांना आणता येईल का, आणि ड्रम, बासचा अँप व कीबोर्ड तेथे आहेत का. हे शेवटचे न विचारल्यामुळे कीबोर्ड घरी ठेवून पोहोचलेला पियानोवादक मी पाहिला आहे. त्याला संपूर्ण संध्याकाळ टाळ्या वाजवण्यावर भागवावे लागले.

वेळेबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीसाठी वर्षातून मोजके दिवस सवलत मिळते, तेवढाच अपवाद. त्यामुळे मोकळ्या जागेतले कार्यक्रम सहा-सातलाच सुरू होतात, आणि नाटकाच्या सवयीने साडेनऊला निघालेल्याला शेवटची रचनाच मिळते. मळ्यातल्या कार्यक्रमाला जाताना परतीच्या गाडीची व्यवस्था आधीच करून ठेवावी, कारण रात्री तिकडून शहरात यायला रिक्षा किंवा टॅक्सी सहजासहजी मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी उघड्यावर बोचते, म्हणून स्वेटर जवळ असावा. वादकांनी तर थंडीत तारांचा सूर हलतो हे गृहीत धरून वाद्य वाजवण्यापूर्वी पुन्हा जुळवावे.

मुंबईला मैफलीसाठी जाणाऱ्यांनी परतीचा विचार आधी करावा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होतात, आणि सकाळची पंचवटी एक्सप्रेस जायला सोयीची असली, तरी ती संध्याकाळीच मुंबईहून निघत असल्यामुळे रात्रीच्या मैफलीनंतर उपयोगी पडत नाही. उशिराच्या लांब पल्ल्याच्या गाडीचे आरक्षण किंवा मुक्कामाची सोय, यांपैकी एक आधीच ठरवावे.

ऐकताना नेमके काय ऐकावे

जॅझची रचना साधारणपणे अशी चालते: आधी सर्वजण मिळून मूळ चाल वाजवतात, तिला ‘हेड’ म्हणतात, मग एकेक वादक त्याच सांगाड्यावर आपला विस्तार करतो, तो ‘सोलो’, आणि शेवटी सर्वजण पुन्हा हेडवर येतात. सांगाडा म्हणजे ठरावीक लांबीचे, ठरावीक कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचे) आवर्तन. त्याच्या एका फेरीला ‘कोरस’ म्हणतात. मूळ चाल थांबली तरी कोरस थांबत नाही, आणि नव्या श्रोत्याचे भान सुटते ते नेमके येथेच, कारण चाल ऐकू येईनाशी झाली की आता हवे ते चालले आहे असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात प्रत्येक वादक आतून तेच आवर्तन मोजत असतो.

दोन आवर्तने ओळखता आली, तर पहिल्या वर्षभराचे काम भागते. पहिले ब्लूजचे, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेल्या गीतप्रकाराचे, बारा बारचे. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रा, अर्थात तीनतालाची बरोबर तीन आवर्तने. दुसरे बत्तीस बारचे, ज्यात आठ बारचा एक भाग दोनदा येतो, मग वेगळा आठ बारचा भाग येतो, ज्याला ‘ब्रिज’ म्हणतात, आणि शेवटी पहिला भाग परततो. त्याच्या १२८ मात्रा, म्हणजे तीनतालाची आठ आवर्तने. तबला शिकलेल्या माणसाने बोटांच्या पेरांवर हे मोजायला घेतले, तर दोन-तीन रचनांत अंगात बसते. एक फरक मात्र सांभाळावा लागतो. तीनतालात आपले लक्ष समेकडे असते, तर स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झोलदार लयीत, ड्रमवादकाच्या पायाखालची हाय-हॅट झांज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटते. टाळी तेथेच द्यावी. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर दिलेली टाळी वादकांना मागे ओढते, आणि छोट्या खोलीत तो त्रास चांगलाच जाणवतो.

मोजणी हरवली तर बासकडे कान द्यावा. बासवादक बहुतेक वेळा प्रत्येक मात्रेला एक स्वर देत चालत असतो आणि आवर्तनाच्या आरंभी बहुधा मूळ स्वरावर उतरतो. ड्रमवादकही नवे आवर्तन सुरू होण्याआधी झांजेवर किंवा स्नेअर या छोट्या ड्रमवर छोटा उठाव करतो. हे कान देऊन ऐकणे म्हणजे लेहऱ्यावर लक्ष ठेवून तबल्याचा एकल ऐकण्यासारखेच आहे.

सोलो संपल्यावर टाळ्या वाजवण्याची रीत आहे, मग पुढचा वादक सुरू झालेला असला तरी चालते. आपल्याकडच्या मैफलीसारखी मध्येच ‘वा’ ही दाद दिली, तरी कोणी वाईट मानत नाही. उलट नाशिकमध्ये वादकांना ती हवीशी वाटते, असे मी पाहिले आहे. बासचा सोलो सुरू झाला की गप्पा सुरू करण्याची वाईट सवय सगळीकडे आहे. तो सोलो आवाजाने लहान असतो, म्हणूनच त्या वेळी सर्वांत अधिक शांतता पाळावी.

हे संगीत आपल्याला अगदीच परके मानण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समध्ये आफ्रिकी-अमेरिकी वादकांनी ते घडवले, आणि १९३५ पर्यंत अमेरिकी व्हायोलिनवादक लिऑन ॲबे यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात येऊन पोहोचला होता. गोव्याच्या वादकांनी ते आत्मसात केले आणि तेथून ते हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. गोदाकाठच्याच पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांच्या संगीतातील ट्रंपेटचा तो डौल आठवावा. त्यांच्यासोबत चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले गोव्याचे ट्रंपेटवादक काम करीत. १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. आपल्या आजी-आजोबांच्या कानांवरून हा ठेका गेलेला आहे, फक्त त्याचे नाव त्यांना कोणी सांगितले नव्हते.

जॅमसाठी घरची तयारी

निदान दोन-तीन जॅम केवळ ऐकल्यानंतरच वाद्य घेऊन जावे. त्यामुळे तेथे कोणत्या रचना वारंवार वाजतात हे कळते, आणि यजमान संचालाही आपला चेहरा ओळखीचा होतो.

सुरुवात ब्लूजपासून करावी. सी म्हणजे पांढरी एक हा षड्ज धरला, तर साधा ब्लूज असा जातो: पहिले चार बार षड्जाची कॉर्ड, पुढचे दोन मध्यमाची, दोन पुन्हा षड्जाची, मग एक बार पंचमाची, एक मध्यमाची आणि शेवटचे दोन षड्जाची. या सर्व कॉर्ड कोमल निषादासारखा सातवा स्वर घेऊन वाजतात. विस्तारासाठी सा, कोमल ग, म, प, कोमल नि हे स्वर घ्यावेत, म्हणजेच धानी रागाचे स्वर. त्यात जाता जाता तीव्र मध्यम मिळवला की ब्लूजचे सप्तक तयार होते. कॉर्डमध्ये शुद्ध गांधार आणि सुरावटीत कोमल गांधार, या दोघांच्या घर्षणात ब्लूजची सारी चव आहे. जोग रागात दोन्ही गांधार ऐकलेल्या कानाला ती लवकर भावते. मात्र हे साम्य स्वरांपुरतेच आहे. धानीचे चलन येथे आणले तर वाजवणे सुरेल होते, पण ब्लूज होत नाही; त्यासाठी जुने ब्लूज ऐकून त्यातली वाक्ये गळ्यावर चढवणे याला पर्याय नाही.

पहिली रचना म्हणून अमेरिकी पियानोवादक ड्यूक एलिंग्टन यांचे ‘सी जॅम ब्लूज’ मी प्रत्येकाला सुचवतो, कारण तिच्या मूळ चालीत पंचम आणि षड्ज हे दोनच स्वर आहेत आणि सारे कौशल्य ते कोणत्या मात्रेवर पडतात यात आहे. दुसरी रचना ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या ध्वनिमुद्रिकेतली ‘सो व्हॉट’. ती बत्तीस बारची आहे आणि तिच्यात रागदारी शिकलेल्यांसाठी दार उघडे आहे: पहिले सोळा बार पांढरी दोनचा षड्ज धरून काफी थाटाचे स्वर, पुढचे आठ बार तेच स्वर अर्धा सूर वर, काळी दोनच्या षड्जावर, आणि शेवटचे आठ पुन्हा पांढरी दोनवर. कॉर्डची धावपळ नाही, त्यामुळे सर्व लक्ष मोजणीवर ठेवता येते. सोळाव्या बारनंतर षड्ज सरकवायचा आणि चोविसाव्यानंतर परत आणायचा, एवढेच. हे ‘एवढेच’ मला तीन आठवडे पुरले.

पट्टीची भाषाही शिकून घ्यावी, कारण जॅममध्ये कोणी पांढरी चार म्हणत नाही. एफ म्हणजे पांढरी चार, बी फ्लॅट म्हणजे काळी पाच आणि ई फ्लॅट म्हणजे काळी दोन. ट्रंपेट आणि सॅक्सोफोनच्या रचनेमुळे जॅझ या फ्लॅटच्या, म्हणजे उतरवलेले स्वर असलेल्या, पट्ट्यांमध्येच अधिक रमतो. ट्रंपेट व टेनर सॅक्सोफोनच्या वादकाला पियानोच्या सीसाठी आपल्या वाद्यावर डी वाजवावा लागतो आणि आल्टो सॅक्सोफोनच्या वादकाला ए. घोळ टाळण्यासाठी पट्टी सांगताना ‘कॉन्सर्ट सी’ किंवा ‘कॉन्सर्ट बी फ्लॅट’ असे म्हणावे.

मेट्रोनोमचा, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचा, एक सराव अतिशय गुणकारी आहे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत वाजवायचे असेल तर मेट्रोनोम ६० वर ठेवावा आणि त्याचा प्रत्येक ठोका दुसरी व चौथी मात्रा मानावा. प्रथम काही काळ ठोका पहिल्या मात्रेवर घसरतो, पण पंधरा दिवस चिकाटी ठेवली की स्विंगचा झोल अंगात येऊ लागतो. मध्यम लयीत स्विंगची दोन टिपणे समान नसतात. पहिले लांब, दुसरे आखूड, जणू मात्रेचे तीन भाग करून पहिले दोन जोडावेत. लय वाढली की हा फरक कमी होत जातो.

तबलावादकांना एक खास सूचना आहे, कारण नाशिकमध्ये ते संख्येने पुष्कळ आहेत आणि जॅममध्ये त्यांचे स्वागत होते. दोन तालवाद्ये एकाच वेळी भरगच्च वाजली की पियानोला जागा उरत नाही. ड्रमवादक वाजवत असताना साधा, विरळ ठेका धरावा, आणि तिहाई घ्यायचीच असेल तर ती कोरसच्या पहिल्या मात्रेवर येईल असे ४८ किंवा १२८ मात्रांचे गणित आधी मांडावे. ती तेथे अचूक आली, की सर्व संच मान डोलावतो.

जॅमच्या संध्याकाळी

वेळेआधी पोहोचून यजमानाला भेटावे, नाव आणि वाद्य नोंदवावे आणि आपण नवीन आहोत हे मोकळेपणाने सांगावे. ‘दादा, मी पहिल्यांदाच वाजवतोय, ब्लूज एफमध्ये चालेल का?’ एवढे एक वाक्य पुरते. यजमान त्याप्रमाणे सोबतीला अनुभवी बास आणि ड्रम देतो. वाद्य बाहेरच जुळवून आणावे. ड्रमवादकाने आपल्या काड्या आणाव्यात आणि दुसऱ्याच्या ड्रमची मांडणी विचारल्याशिवाय हलवू नये.

मंचावर गेल्यावर चार गोष्टी स्पष्ट बोलाव्यात: रचना कोणती, पट्टी कोणती, लय किती आणि ठेका कोणता. मग ज्याने रचना सुचवली त्यानेच मोजून सुरुवात द्यावी. वाजवताना बोलता येत नाही म्हणून खुणा असतात. डोक्यावर हात ठेवला तर ‘आता हेड’. चार बोटे वर केली तर ‘चार-चार बारची सवालजवाब’, ज्यात ड्रमवादक आणि इतर आलटूनपालटून चार बार वाजवतात. पट्टीसाठी बोटे खाली धरली तर तितके फ्लॅट: एक बोट म्हणजे एफ, दोन म्हणजे बी फ्लॅट, तीन म्हणजे ई फ्लॅट. त्यामुळे डोळे वाद्यावर खिळवून न ठेवता अधूनमधून वर पाहणे आवश्यक आहे.

सोलो दोन कोरसचा घ्यावा. १२० च्या लयीत ब्लूजचा एक कोरस २४ सेकंदांचा आणि बत्तीस बारचा एक कोरस जवळपास ६४ सेकंदांचा होतो. बत्तीस बारच्या रचनेत सहा जणांनी प्रत्येकी दोन कोरस घेतले, तरी केवळ सोलोच सुमारे तेरा मिनिटे चालतात. बाहेर नाव नोंदवून बसलेल्या मुलीचा क्रमांक त्यामुळे किती मागे जातो, याचा विचार चौथा कोरस सुरू करण्यापूर्वी करावा. गिटार आणि कीबोर्ड दोन्ही असतील तर दुसऱ्याच्या सोलोमागे एकाने कॉर्ड द्याव्यात आणि दुसऱ्याने थांबावे. न वाजवणे हीसुद्धा साथच आहे, आणि नव्या वादकाकडून ती फारच कमी मिळते.

मोजणी हरवली तर काय करावे, हे मी माझ्या पहिल्या जॅममध्ये शिकलो. ‘सो व्हॉट’मध्ये दुसऱ्या कोरसला मी षड्ज सरकवायला विसरलो आणि सर्वजण अर्धा सूर वर गेले तेव्हा मी एकटाच खाली राहिलो. घाबरून मी अधिक वेगाने वाजवू लागलो आणि घोळ वाढला. माझ्या शेजारचे वयस्कर बासवादक काही बोलले नाहीत. त्यांनी आपली ओळ अगदी साधी केली आणि नवे आवर्तन सुरू होताच माझ्याकडे पाहून मान हलवली. मी त्या मात्रेला धरून परत आलो. नंतर चहा घेताना ते म्हणाले, ‘हरवलास तर थांब, बासचा षड्ज ऐक, ब्रिज आला की कळतं.’ तेव्हापासून मी नव्यांना हेच सांगतो: हरवल्यावर हात उचलावेत, मूळ चाल मनात गुणगुणावी आणि पुढच्या आवर्तनाच्या तोंडाशी परत यावे. आठ बार शांत राहिल्याने कोणाचेही काही बिघडत नाही.

गाणाऱ्यांनी आपली पट्टी आधीच तपासावी. छापील पट्टी अनेकदा वाद्यांच्या सोयीची असते आणि स्त्रियांच्या गळ्याला ती खूप चढी किंवा उतरती पडू शकते. आपल्या पट्टीतला कॉर्डचा कागद तीन प्रती काढून न्यावा.

आपल्याच घरी छोटा जॅम

जवळपास जॅम होत नसेल तर तो सुरू करता येतो, आणि नाशिकसारख्या शहरात तो कोणीतरी सुरू करावाच लागतो. तीन माणसे पुरतात: ताल, बास आणि कॉर्ड देणारे एक वाद्य. बासवादक मिळत नसेल तर कीबोर्डच्या डाव्या हाताने किंवा गिटारच्या जाड तारांवर काम भागते. ड्रमऐवजी ब्रश आणि एक स्नेअर, किंवा काहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी), एवढ्यावरही स्विंग होतो, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तेच करावे. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा नियमांत आहे. पूर्ण ड्रमसेट ती सहज ओलांडतो. शेजाऱ्यांना आधी सांगावे, दुपारी चार ते सात ही वेळ धरावी आणि एखाद्या रविवारी त्यांनाही ऐकायला बोलवावे. आमच्या मजल्यावरच्या काकू पहिल्या महिन्यात दार वाजवून गेल्या, तिसऱ्या महिन्यापासून त्या खुर्ची घेऊन बसू लागल्या.

पहिल्या बैठकीसाठी दोनच रचना ठरवाव्यात, वर सांगितलेल्याच चालतील, आणि प्रत्येक रचना तीन वेगळ्या लयींत वाजवावी. पावसाळ्यात दमटपणामुळे लाकडी वाद्ये आणि कातडी फुगतात, म्हणून वाद्य पिशवीतून काढून दहा मिनिटे खोलीत ठेवावे आणि मगच जुळवावे. प्रत्येक वेळी फोनवर ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐकावे; वाजवताना जो सोलो छान वाटला होता, त्यात कोरस नेमका कोठे निसटला हे तेथे स्पष्ट ऐकू येते. आणि वाद्ये आवरण्यापूर्वी, सर्वजण अजून खोलीत असतानाच, पुढच्या बैठकीचा वार आणि तिसरी रचना ठरवून टाकावी, कारण ‘नंतर फोन करू’ म्हटलेली दुसरी बैठक बहुधा होत नाही.